मागची पट्टी वाचा : जळकोटच्या एका घरातल्या दोन विलायती स्पीकरांची गोष्ट

आजची पोस्ट लांबलचक आहे. राजकारण नाही, ऊसदर नाही, रस्त्याचे खड्डेही नाहीत. तरी चहा घेऊन बसा आणि वाचा, कारण विषय तुमच्या-माझ्या माळ्यावरचा आहे. (आपलं जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातलं, हायवेवरचं. लातूर जिल्ह्यातल्या जळकोटकरांनी हक्क सांगू नये.)

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत भंगाराची गाडी आली. टपावर भोंगा, भोंग्यातून रेकॉर्ड केलेली ओरड : जुनं लोखंड, पत्रा, बॅटरी, टीव्ही, कुलर. शेजारच्या काकूंनी गाडी थांबवली. काकू म्हणजे आमच्या गुरुजींच्या मंडळी. गुरुजी जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. घर रंगवायला काढलं होतं, म्हणून सगळं सामान ओसरीवर आलेलं. त्यात गुडघ्याएवढी दोन लाकडी खोकी होती, सागवानी रंगाची, पुढं काळपट कापड लावलेली. एकावर इतकी वर्षं टीव्ही बसलेला, दुसऱ्यावर फोन आणि गुरुजींची पोथी. गल्लीतल्या पोरांना ती टेबलंच वाटायची.

भंगारवाल्या पोरानं कापड काढलं, पेचकस चालवला, आत हात घातला आणि हसला. “काकू, ह्यात तीन गोल दिसत्यात, पण एक खोटाच हाय. मागं चुंबकच नाही. नुसती थर्माकोलची चकती बसवलीय. दोन्ही खोक्यांत तसंच.” मग भाव सांगितला. दोन्हीचे मिळून चारशे.

चारशे रुपयांचं काकूंना काही वाटलं नाही. ‘खोटा’ हा शब्द मात्र लागला. ही खोकी त्यांच्या दिरांनी विलायतेहून आणलेली. धाकटे दीर डॉक्टर. त्यांच्या शिक्षणासाठी गुरुजींनी दोन एकर काळी जमीन विकली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक. दीर इंग्लंडला गेले, सत्तरच्या दशकात परतले आणि थोरल्या भावाला ही जोडी दिली. घरात तेव्हापासून चेष्टेनं म्हणायचे, “दोन एकराची दोन खोकी.” आता दोघंही भाऊ नाहीत. काकू माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, “भावजींना तिकडं कुणी फसवलं, का...” आणि पुढचं बोलल्या नाहीत.

मी खोकं फिरवलं. मागं धुळीत एक पट्टी होती. पदरानं पुसल्यावर अक्षरं निघाली : सेलेशन, डिट्टन १५, एक क्रमांक, आणि खाली इप्सविच, इंग्लंड. मी पोराला म्हणालो, भाऊ, आज राहू दे. तो बिचारा काही न बोलता पुढच्या गल्लीत गेला. त्याचा भोंगा बराच वेळ ऐकू येत होता.

त्यानंतर पंधरा दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. जे कळलं ते सांगतो.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे कागदाचा कोन, त्याच्या बुडाला तारेची कॉइल आणि मागं चुंबक, त्याचा व्यवहारात चालणारा नमुना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडला. शंभर वर्षं झाली. (आपल्याकडं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं झालेली वस्तू ‘पुरावशेष’ ठरते. म्हणजे अगदी पहिल्या पिढीतला एखादा स्पीकर कुणाच्या माळ्यावर असेल तर तो आता देवळातल्या मूर्तींच्या रांगेत बसतो.) शोध अमेरिकेत लागला, पण घरातल्या खोलीत बसून नीट ऐकायचा स्पीकर बनवायचं वेड लागलं ते इंग्रजांना.

सेलेशन ही कंपनी १९२४ पासूनची. टॅनॉय १९२६ ची. गाय फाउंटन नावाच्या माणसानं ती काढली, आणि नाव आलं टँटॅलम नावाच्या धातूवरून. इंग्लंडमध्ये पुढं स्टेशनावरच्या आणि कारखान्यातल्या भोंग्यालाच ‘टॅनॉय’ म्हणायला लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. व्हार्फडेल निघाली १९३२ साली. तिचा मालक गिल्बर्ट ब्रिग्ज हा यॉर्कशरचा, मूळचा कापडधंद्यातला माणूस. इल्कली गावात राहत्या घराच्या तळघरात त्यानं पहिला स्पीकर जोडला. व्हार्फ नदीचं खोरं, म्हणून व्हार्फडेल. आपल्याकडं बोरी नदीवरून कुणी कंपनीचं नाव ठेवलंय का, आठवून बघा.

या ब्रिग्जची एक हकीकत मला फार आवडली. १९५४ साली त्यानं लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्यानं घेतला. ॲम्प्लिफायरला क्वाड कंपनीचा पीटर वॉकर सोबत होता. स्टेजवर खरे वादक बसवले, शेजारी स्पीकर ठेवले. आधी वादक वाजवणार, मग त्याच वादनाची रेकॉर्ड लागणार, लोकांनी फरक सांगायचा. हॉल भरला. स्पीकर ऐकायला तिकीट काढून माणसं आली! पुढच्याच वर्षी त्यानं हा खेळ न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही केला.

मग १९६१ साली रेमंड कुक नावाच्या, आधी बीबीसीत आणि व्हार्फडेलमध्ये काम केलेल्या माणसानं केंट परगण्यात केईएफ काढली. बीबीसीची तर स्वतःची संशोधन शाखा होती. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गाडीत बसेल एवढा छोटा, हातभर उंचीचाही नसलेला स्पीकर त्यांनी सत्तरच्या दशकात तयार केला, त्याचं नाव ‘एलएस३/५ए’. नावात काही गोडवा नाही, सरकारी फाईलचा जावक क्रमांक वाटतो. बनवायचा परवाना रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडर वगैरे खासगी कंपन्यांना दिला. आज ही इटुकली पेटी जपान, हाँगकाँग, कोरियातल्या शौकिनांच्या जिवाची आहे. तिथं पेटी पंधरा ओमची का अकरा ओमची, यावरून माणसं भांडतात, आणि जुनी पंधरा ओमची जोडी जास्त भाव खाते. एका जोडीतल्या दोन पेट्यांचे क्रमांक जुळते असायला हवेत, नाहीतर भाव पडतो. ही जोडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

आता आपल्या डिट्टन १५ कडं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सेलेशननं हे मॉडेल काढलं. थेम्स डिट्टन या गावी त्यांचा कारखाना होता, म्हणून हे नाव. पुढं कारखाना इप्सविचला गेला, म्हणून पट्टीवर इप्सविच. या खोक्यात पुढं तीन गोल दिसतात. वरचा छोटा ट्विटर, मधला खर्जाचा स्पीकर, आणि तिसरा...

तिसऱ्याला चुंबक नसतंच! असायलाच नको. भंगारवाल्या पोरानं बरोबर बघितलं होतं, अर्थ चुकीचा लावला. ती थर्माकोलसारख्या हलक्या फोमची चकती मुद्दाम तशी बसवलेली आहे. खोकं बंद असतं. मधला स्पीकर आत-बाहेर हलला की आतली हवा दाबली जाते आणि ती हवा या चकतीला हलवते. बंद खोलीत एक दार जोरानं लोटलं की समोरच्या दाराचं फळकूट आपोआप थरथरतं ना, तसंच. चकतीचं वजन आणि ताण असा धरलेला असतो की ती नेमक्या खालच्या सुरांना साथ देते. त्यामुळं लहान खोक्यातून मोठ्या खोक्याएवढा खर्ज निघतो. विलायतेतल्या घरांच्या बैठकी लहान, कपाटाएवढे स्पीकर ठेवायचे कुठं? त्यावरचा हा तोडगा. आणि वरचा छोटा ट्विटर, एचएफ १३००, तो बीबीसीच्या स्वतःच्या मॉनिटर स्पीकरांतही वापरलेला आहे. म्हणजे भावजींनी आणलेला माल चोख होता.

हे मी काकूंना जाऊन सांगितलं. चकतीचं त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. कळल्यावर आत गेल्या आणि ओल्या फडक्यानं दोन्ही खोकी स्वच्छ पुसायला बसल्या.

इथपर्यंत इंग्रजांचा इतिहास झाला. पण हा माल आपल्याकडं येत कसा होता, आणि आता जातो कुठं, हा आपला इतिहास आहे.

आपल्याकडं लाऊडस्पीकर म्हणजे आधी सभेचा. मुंबईतल्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे भोंगे काँग्रेसच्या अधिवेशनांत, गांधी-नेहरूंच्या सभांत लागत. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांसोबत नानिक मोटवानेही आरोपी होते, पुढं ते निर्दोष सुटले. आवाज दूर फेकणं, लाखाच्या गर्दीला ऐकू जाणं, हे त्या यंत्राचं काम. घरात बसून आवाज बारकाईनं ऐकायचं यंत्र ही वेगळी जात आहे. आपण दोन्हीला स्पीकर म्हणतो आणि दोन्ही एकाच मापानं मोजतो : किती लांब ऐकू जातंय? (मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल मी इथं लिहीत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम ठाण्यात टांगलेले आहेत, ज्याला वाचायचे त्यानं वाचावेत.)

आपला भाग तर आणखी मागं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आली, नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, आणि सकाळी ९ वाजता चिलखती तुकडी आपल्या जळकोटात होती. दुपारी सव्वातीनला ती उमरग्यात पोचली. याच रस्त्यानं. आपल्याकडं जे काही आलं ते या रस्त्यानं आलं आणि जे जातं तेही याच रस्त्यानं जातं, सोलापूरकडं नाहीतर हैदराबादकडं. पुढं १९५६ साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून रेडिओ ऐकायचे, मग चर्चा करायचे. मराठीत झालेला हा प्रयोग जगभर गाजला. आपण त्यात नव्हतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो.

स्वातंत्र्यानंतर विलायती नावं राहिली, माल मात्र इथं बनायला लागला. मर्फी मूळची इंग्लंडची, पण आपल्या घरातला मर्फी ठाण्याच्या कारखान्यातला. एक्को इंग्लंडची, आपल्याकडं नॅशनल एक्को. खरा विलायती तयार माल आणणं अवघड होत गेलं, कारण १९४७ च्या आयात-निर्यात कायद्याखाली परवाना लागायचा, आणि १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई पडल्यावर चैनीच्या वस्तूंना परवाना मिळणं जवळपास संपलं. ही बंदी थोडीथोडकी नाही, तब्बल २००१ पर्यंत राहिली. त्या वर्षी १ एप्रिलला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठले. म्हणजे चाळीसेक वर्षं दुकानात जाऊन विलायती स्पीकर घेणं हा सरळ मार्ग नव्हताच.

मग आडमार्ग उरले. जाताना इंग्रज साहेबांनी सामानाचे लिलाव केले, त्यातून काही माल पारशी आणि इतर शौकीन घरांत गेला. काही तस्करीतून आला, त्याची नावं सांगायची गरज नाही. आणि एक अगदी कायदेशीर वाट होती, ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’. परदेशात ठरावीक वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला घरातलं वापरलेलं सामान सवलतीत आणता यायचं. साठच्या दशकात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टर कमी पडत होते, आपल्याकडून हजारोंनी गेले. त्यातले जे परतले, त्यांच्या पेट्यांतून फ्रीज आला, टेपरेकॉर्डर आला आणि कुणाकुणाचे स्पीकर आले. आमच्या गल्लीतली जोडी याच वाटेची. मुंबईच्या गोदीत उतरली, रेल्वेनं सोलापूर, तिथून एसटीच्या टपावर जळकोट. टपावरची गोष्ट काकूंनी सांगितली. त्या स्टँडवर हजर होत्या.

आणि ही आवक आता आटलेली आहे. वापरलेला माल परदेशातून मागवायला आजही परवाना लागतो. म्हणजे देशात त्या काळी जो आला तेवढाच साठा. त्यातला निम्मा-अधिक उंदीर, वाळवी आणि भंगार यांनी खाल्ला असेल. म्हणून मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अशी एखादी जोडी आली की शौकिनांचे फोन खणखणतात.

मी पुण्या-मुंबईच्या तिघाचौघांना फोन केले. धंदा कसा चालतो ते ऐकून मजाही वाटली आणि पोटात कालवलंही. एक जण म्हणाला, “टॅनॉय आहे का? नाही? मग फोटो पाठवा.” टॅनॉयच्या १९४७ नंतरच्या स्पीकरात ट्विटर वूफरच्या पोटातच असतो, आणि चुंबकावरच्या टोपणाच्या रंगावरून त्याचं साल ओळखतात. आधी काळा, मग चंदेरी, मग लाल, आणि १९६७ पासून सोनेरी. त्यांना खोक्याची गरजही नसते. “आतला माल काढून कुरिअर करा, लाकूड तिथंच जाळा,” असं सर्रास सांगतात. दुसऱ्यानं मला चुंबकाचं अर्थशास्त्र शिकवलं. जुन्या स्पीकरांत अल्निको चुंबक असायचं, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. १९७८ साली आफ्रिकेत झाईरमध्ये, आजच्या काँगोत, खाणींच्या मुलखात लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव आभाळाला भिडले. कंपन्यांनी स्वस्तातलं फेराइट चुंबक धरलं. त्यामुळं ‘अल्निकोवाला’ म्हटलं की भाव वेगळा. आपला भंगारवाला पोरगा चुंबक किलोवर घेतो. काँगोतल्या लढाईची किंमत त्याच्या काट्यात येत नाही.

फसवाफसवीही ऐकली. मागची पट्टी एका खोक्यावरून काढून दुसऱ्यावर चिकटवतात. एक खोकं अस्सल, दुसऱ्यात देशी स्पीकर घालून जोडी करतात. कापड नवं दिसलं की अनुभवी गिऱ्हाईक आधी स्क्रूची डोकी बघतं : घासलेली असतील तर आत कुणाचातरी हात गेलेला आहे. खर्जाच्या कोनाभोवतीची रबराची किंवा फोमची कडा आपल्या उन्हाळ्यात कडक होते नाहीतर भुगा होते. आतले कपॅसिटर सुकतात. आणि आपल्याकडचा खास रोग म्हणजे हे घरगुती स्पीकर कुणीतरी कधीतरी सत्यनारायणाला, बारशाला मोठ्या ॲम्प्लिफायरला लावलेले असतात. कॉइल जळलेली. मग रिकोनिंगवाला देशी कोन बसवतो आणि मालक समाधानी. आवाज येतोय ना, झालं!

यातलं एक मजेशीर. ज्या नावांसाठी ही सगळी धावाधाव, ती नावं आता इंग्रजांची राहिलेलीच नाहीत. सेलेशन आणि केईएफ १९९२ साली हाँगकाँगच्या गोल्ड पीक समूहाकडं गेल्या. व्हार्फडेल आणि क्वाड चिनी मालकीच्या. कापड गिरण्यांचं सोलापूर आणि स्पीकरचं यॉर्कशर, दोघांच्या चिमण्या थंड झाल्या. त्यांच्या नावाला गिऱ्हाईक मिळालं एवढाच फरक.

आता माझी एक चूक सांगतो. नाहीतर ही पोस्ट म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवणं होईल.

साधारण पंधरा-सतरा वर्षांपूर्वी, मी पदविका घेऊन नुकताच एका दैनिकाला बातम्या पाठवायला लागलो होतो. आपल्याच भागातल्या एका संस्थेत, नाव कशाला घेऊ, जुन्या सामानाचा लिलाव झाला. निर्लेखन म्हणतात त्याला. जडवस्तू नोंदवहीतून वस्तू कमी करायची, समितीनं सही करायची, भंगारवाल्याला द्यायची. मोडकी बाकं, पत्र्याची कपाटं, सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि दोन मोठ्या लाकडी पेट्या. कुणीतरी देणगी दिलेल्या. नोंदवहीत नोंद होती, ‘लाऊडस्पीकर पेट्या, नग २’, किंमतीचा रकाना ‘निरंक’. पेट्यांच्या पुढं पितळी अक्षरांत काहीतरी इंग्रजी नाव होतं. मी शेजारी उभा होतो. चहा पिलो. दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी दिली : ‘संस्थेत स्वच्छता मोहीम उत्साहात’.

त्या पेट्यांवरचं नाव मला आज आठवत नाही, कारण मी ते वाचलंच नव्हतं. कोण, कुठं, कधी, का, हे आम्हाला वर्गात घोकून घेतलं होतं. आणि समोरच्या वस्तूवर छापलेलं नाव वाचायचं सुचलं नाही. त्या कदाचित किरकोळ असतील. कदाचित नसतील. समितीतल्या कुणी पैसे खाल्ले असंही नाही. सगळं नियमानं झालं, तीन सह्या झाल्या. पण ‘नग २’ लिहिलं की वस्तूला नाव राहत नाही, आणि नाव नसलं की उरतं फक्त वजन. आजही कुठल्याही शाळेची, वाचनालयाची, ग्रामपंचायतीची डेडस्टॉक वही उघडून बघा. ‘घड्याळ, नग १’. ‘रेडिओ, नग १’. बनावट, क्रमांक, कुणी दिला, कधी दिला, हे रकाने कोरे. निर्लेखनाच्या समितीत बसणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती, सही करण्याआधी वस्तू फिरवून मागची पट्टी एकदा वहीत उतरवा. मोबाईलमध्ये फोटो काढला तरी चालेल. दोन मिनिटांचं काम आहे. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिकांचा शोध घेते, नोंदी करते. तबकड्यांना असे वाली मिळाले. ज्यातून त्या ऐकल्या त्या यंत्रांना वाली फक्त व्यापारी.

असो. काकूंच्या जोडीवर येतो.

पुण्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. आयटीत नोकरी, चाळिशीचे, वडिलांकडून शौक आलेला. ओसरीवर मांडी घालून बसले. खिशातून दीड व्होल्टचा साधा सेल काढला, दोन तारा लावल्या, स्पीकरनं ‘टप’ केलं. काकू दचकल्या. “पस्तीस वर्षांनी बोलला,” म्हणाल्या. मग त्यांनी मीटर लावला, दोन बोटांनी कोन हळूच दाबून कॉइल घासते का बघितलं, मागची पट्टी वाचली, दोन्ही क्रमांक वहीत लिहिले. थर्माकोलच्या चकतीवरून हलकेच बोट फिरवून म्हणाले, “हिला उंदरांनी हात लावला नाही, नशीब तुमचं.” पोत्यातून आणलेला छोटा ॲम्प्लिफायर जोडला. कपॅसिटर म्हातारे झालेत, आवाज थोडा दबलेला येईल, असं आधीच सांगितलं. मोबाईलवरून भीमसेनांचा एक अभंग लावला. गल्लीतली चार माणसं येऊन उभी राहिली. कुणी बोललं नाही. आवाज मोठा नव्हता. फाटकाबाहेर फारसा गेलाही नसेल.

भाव अठरा हजार ठरला. मी आधीच चौकशी केलेली असल्यानं मला तो रास्त वाटला. दुरुस्तीचा खर्च त्यांचा, आणि पुढं त्यांनी विकली तर चार पैसे जास्त मिळवतील, हेही त्यांनी लपवलं नाही. तेवढ्यात काकूंनी घोळ घातला. “एक न्या. एक मी ठेवते.”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. गृहस्थ समजावू लागले, काकू, हे जोडीनंच असतं, एकट्याला किंमत नाही, एकट्याचा पूर्ण आवाज येत नाही. काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “मग आम्ही चार वर्षं कसं ऐकतोय?” यावर त्या गृहस्थांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं.

अर्धा तास गेला. पोहे झाले. पुण्याहून मुलाचा फोन आला, तो म्हणाला देऊन टाक. काकूंनी फोन ठेवला, पोथी आतल्या फळीवर ठेवली, आणि मग दोन्ही द्यायला कबूल झाल्या. फक्त पावती पाहिजे म्हणाल्या. पैसे मिळाल्याची पावती विकणारा देतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांना उलट पावती पाहिजे होती, वस्तू मिळाल्याची. गुरुजींच्या जुन्या वहीतलं पान फाडलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतः सांगून त्या गृहस्थांकडून लिहून घेतलं : सेलेशन डिट्टन १५, दोन नग, दोन्ही क्रमांक, इप्सविच इंग्लंड येथे बनलेले, अमुक डॉक्टरांनी आपले थोरले बंधू अमुक गुरुजी, राहणार जळकोट, यांना दिलेले, तिसरी चकती मूळचीच बिनचुंबकाची, माल अस्सल व चालू स्थितीत मिळाला. खाली सही, तारीख, मोबाईल नंबर.

पान घडी करून त्यांनी पोथीत ठेवलं. गाडी सोलापूरच्या दिशेनं निघाली तेव्हा दोन्ही खोकी मागच्या सीटवर होती, गुरुजींच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली. धोतर काकूंनीच दिलं, हायवेवर आपटतील म्हणून.